भट्टी कोणाची, पाव कोणाचा?

आज आपण पावाविषयी बोलणार आहोत. पाव कसा करायचा हे थोडं सांगेनच, पण आधी तो आपल्याकडे आला कसा, आणि तो भाजणाऱ्या हातांमध्ये आपले, बायकांचे हात इतके कमी का, हे बघूया.

मी ज्या बचत गटांचं काम बघते ते मुंबईत वरळी कोळीवाड्यात आहेत. सी-लिंकच्या अगदी पायथ्याशी, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर ही वस्ती आहे. इथल्या घरात दोन्ही गोष्टी रोज लागतात. सकाळी चहाबरोबर पाव आणि दुपारी सुकट किंवा कालवणाबरोबर तांदळाची भाकरी. भाकरी घरातली बाई करते. पाव गल्लीतून विकत येतो. तुमच्या गावातही असंच असेल. तिथे भाकरी ज्वारीची असेल, बाजरीची असेल किंवा नाचणीची असेल, पण पाव मात्र बेकरीतूनच येत असेल.

असं का? "पाव करणं अवघड असतं म्हणून" असं उत्तर बहुतेक जणी देतात. मला ते पटत नाही. तांदळाच्या पिठात चिकटपणा नसतो. गरम पाण्यात पीठ भिजवायचं, हाताला चटका सोसत मळायचं, कडा न फाटता ती भाकरी थापायची, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं आणि मग ती टम्म फुगवायची. ज्या बाईला हे जमतं तिला पाव जमणार नाही, हे शक्य नाही. तेव्हा अडचण हातात नाही. ती दुसरीकडे आहे, आणि ती समजण्यासाठी आपल्याला पाचशे वर्षं मागे जायला हवं.

त्या काळी मुंबई हे एक शहर नव्हतं, सात बेटं होती. वरळी हे त्यातलं एक. या बेटांवर कोळी, आगरी, भंडारी लोक राहत. शेती भाताची, झाडं नारळाची आणि ताडा-माडाची. गहू इथे पिकत नव्हता. म्हणून आपल्या घरातलं सगळं भाजणं-शेकणं हे तव्याचं होतं. भाकरी, घावन, आंबोळी. आंबवण्याची कला मात्र बायकांना पुरेपूर माहीत होती. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून सकाळी फुगलेलं मिळतं, हे कुणा परक्याने येऊन शिकवलेलं नाही.

मग १५३४ साली गुजरातच्या सुलतानाबरोबर झालेल्या तहाने वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली. गोव्यात ते त्याआधीच, १५१० साली आले होते. त्यांचं रोजचं अन्न म्हणजे गव्हाचा आंबवलेला, भट्टीत भाजलेला पाव. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. त्यांच्या भाषेत रोटीला जे म्हणतात त्यावरूनच आपला शब्द आला. काही लोक सांगतात की पायाने मळतात म्हणून पाव. त्यात तथ्य नाही. पण ही गोष्ट का पसरली असेल, याचा विचार करा. ज्याच्या हातचं खायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्याच्याविषयी अशा गोष्टी लवकर पसरतात.

पाव फुगायला खमीर लागतं. युरोपातलं खमीर इथे मिळेना, तेव्हा गोव्यातल्या पाव करणाऱ्यांनी माडाची ताडी वापरली. ताडी आपोआप आंबते. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. गव्हाच्या पिठाला मळलं की त्यात चिवट जाळं तयार होतं. तो वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. तांदळाच्या पिठात असं जाळं होत नाही, म्हणून तांदळाचा पाव होत नाही. म्हणजे पावाला तीन गोष्टी लागल्या. गहू बाहेरून आला. खमीर आपल्याच माडावरून मिळालं. तिसरी गोष्ट म्हणजे भट्टी, आणि खरी गाठ तिथेच आहे.

चूल प्रत्येक घरात असते. भट्टी प्रत्येक घरात असू शकत नाही. विटा-मातीची घुमटी बांधायची, ती तासन्‌तास लाकूड घालून तापवायची, आणि मग दहा पाव भाजायचे? ते परवडत नाही. भट्टी तापली की तिच्यात शेकडो पाव भाजून निघाले पाहिजेत. म्हणून जगात कुठेही बघा, भट्टी एका घराची नसते. फ्रान्समध्ये जुन्या काळी अनेक गावांत जमीनदाराची एक भट्टी असे. बायका घरी पीठ मळून तिथे नेत, पाव भाजून घेत आणि त्याबद्दल जमीनदाराला वाटा देत. पंजाबात सांझा चुल्हा असतो, म्हणजे गावाचा सामायिक तंदूर. तिथेही बायका आपापलं पीठ घेऊन येतात. गोव्यात पदेर भट्टी चालवतो आणि घरोघरी पाव पोचवतो. म्हणजे भट्टी एकतर मालकाची, नाहीतर गावाची. ती ज्याची, त्याच्या हातात पावाचा पैसा.

आपल्याकडे त्यात आणखी एक भिंत उभी राहिली. ती विटाळाची. पाव परधर्मी लोकांच्या हातचा, त्यात ताडी, म्हणून तो खाल्ला की माणूस बाटला. वसईकडे एक गोष्ट सांगितली जाते की विहिरीत पाव टाकले, लोक ते पाणी प्यायले आणि अख्खा गाव बाटला. ती घडली तशी घडली असेल का, ते बाजूला ठेवू. पण पावाचा एक तुकडा माणसाला जातीतून बाहेर काढू शकतो, असं लोकांना वाटत होतं, हे त्यातून कळतं.

ही भीती किती खोल होती, याची दोन उदाहरणं आहेत. पहिलं मुंबईचं. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणारी ही सभा गुप्तपणे चाले. तिच्यात यायचं तर ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. बघा, जात मोडली याचा पुरावा म्हणून त्यांनी निवडला तो पाव! १८६० साली सभासदांची यादी बाहेर गेली आणि लोकांच्या भीतीने सभा मोडली. त्यातल्या विचारांची माणसं पुढे १८६७ साली प्रार्थना समाजात दिसतात. गिरगावात आजही प्रार्थना समाज नावाचा नाका आहे.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी गेली होती. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. ही बातमी छापून आली आणि मोठं वादळ उठलं. त्यांच्यावर ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराची कारवाई. टिळकांनी आणि रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. चहा प्यायले पुरुष. पण बहिष्कार पडला की श्राद्धाला, लग्नकार्याला माणसं येत नाहीत. मुलीचं माहेरी येणं-जाणं अडतं. तो भार घरातल्या बायकांवर पडतो. कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न मोठ्या माणसांचा म्हणून छापला जातो, आणि त्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जाते.

पण त्याच मुंबई-वसईत अशाही बायका होत्या ज्या घरात गव्हाचं पीठ आंबवत होत्या. उत्तन, गोराई, मनोरी इथल्या ख्रिस्ती कोळणी आणि वसई-मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांतल्या बायका. या समाजाची घरची भाषा मराठीच. त्यांच्या लग्नात फुगे लागतात. मैदा, नारळाचं दूध, ताडी किंवा यीस्ट एकत्र करून पीठ फुगवायचं आणि मुठीतून गोल गोळे काढून तेलात तळायचे. म्हणजे पावाचंच पीठ. पण भट्टी नव्हती, म्हणून कढई वापरली. मुंबईचे जुने रहिवासी पाठारे प्रभू, त्यांच्या घरात भानोलं होतं. सीकेपी घरात निनाव होतं. पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून हे पदार्थ भाजत. ही घरची भट्टीच नाही का? १९१० साली पाठारे प्रभू समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' नावाचं हजार पाककृतींचं मराठी पुस्तक लिहिलं. तेव्हा कला होती आणि लिहून ठेवणारी बाईही होती. फक्त हे सगळं सणाचं, घरच्यांसाठी, बिनपैशाचं राहिलं.

पैशाचा पाव दुसरीकडे वाढत होता. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले. बायकामुलं गावी राहिली. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. त्यांना भाकरी कोण करून देणार? काही जण खानावळीत जेवत. पाळीला जाताना मात्र चहा आणि पाव. गोव्याचे पाववाले मुंबईत आधीपासून होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इराणहून आलेल्या लोकांनी चहाची हॉटेलं आणि बेकऱ्या काढल्या. धोबीतलावची क्यानी १९०४ ची, ग्रँट रोड स्टेशनाजवळची मेरवान १९१४ ची. मस्का लावलेला ब्रुन पाव आणि चहा हे गिरणीकामगारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांचं खाणं झालं. ज्या पावाने माणूस बाटत होता, तो भुकेपुढे आणि पाळीच्या भोंग्यापुढे पवित्र-अपवित्र काही राहिला नाही. जातीची भिंत सभांनी थोडी पाडली, बरीचशी मुंबईच्या कामाच्या वेळेने पाडली.

१९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेकांच्या नोकऱ्या परत आल्याच नाहीत. घर चालवण्यासाठी कितीतरी घरांनी वडापावच्या गाड्या लावल्या. गाडीवर पुरुष उभा राहिला. बटाटे उकडून, सोलून, चटणी वाटून देणारी बाई घरात होती.

आणि बेकरी? ती पुरुषांचीच राहिली. कारण पाव रात्री मळतात आणि पहाटे भाजतात. कामगार भट्टीशेजारीच झोपतात. बाईने रात्री घराबाहेर काम करणं समाजाला चालत नव्हतं. कायद्यातही १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशीच ठेवली होती. तो नियम संरक्षणासाठी होता, पण रात्रीची कामं त्याने पुरुषांची झाली. छोट्या बेकऱ्यांना तो कायदा लागू नसला तरी रीत तीच पडली.

आता याच भागातल्या दोन घटना सांगते, कारण त्यांच्याशी आपलं, बचत गटांचं नातं आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच लिज्जत. आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या बायका वर्षानुवर्षं कामगारांना जेवू घालत होत्या, पण किराणा उधार आणि सावकाराचं व्याज यातच त्यांची कमाई जात होती. एकत्र आल्यावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. दोन्हीकडे बायकांनी नवी कला शिकली नव्हती. पापड त्यांना येत होता, जेवण येत होतं. नवीन गोष्ट एकच होती. कामाला किंमत लावली, हिशेब लिहिला आणि मालकी आपल्याकडे ठेवली.

पावाच्या बाबतीत हे का झालं नाही? पापडाला पोळपाट-लाटणं पुरतं. ते प्रत्येकीच्या घरी आहे. पावाला भट्टी लागते.

आता मात्र परिस्थिती बदलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या बेकरीवाल्यांना हा मोठा खर्च आहे, आणि त्यांच्या हातच्या चवीची काळजी मलाही वाटते. पण भट्टी म्हणजे विटांची घुमटी, ही गोष्ट आता संपत चालली आहे. विजेची किंवा गॅसची मध्यम भट्टी एका खोलीत बसते, दिवसा चालते आणि धूर करत नाही. म्हणजे ज्या तीन कारणांनी बाई भट्टीपासून लांब राहिली, म्हणजे जागा, रात्र आणि लाकूड, ती तिन्ही कारणं सैल झाली आहेत.

आमच्या कोळीवाड्यात याची गरजही वाढली आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये आधी ६० मीटर अंतर ठरलं होतं. होड्या जाणार कशा, म्हणून मच्छीमार भांडले, तेव्हा ते १२० मीटर झालं. मागणी २०० मीटरची होती. समुद्रावरचं पोट असं मीटरने मोजावं लागत असेल, तर घरात दुसरी मिळकत हवीच.

आता घरी पाव करून बघायचा असेल तर सांगते. अर्धा किलो मैदा किंवा अर्धा मैदा-अर्धी कणीक, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, दीड लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, आणि अंदाजे ३०० मिली कोमट पाणी. कणकेला थोडं जास्त लागेल. पाणी कडक नको, नाहीतर यीस्ट मरतं. दहा-पंधरा मिनिटं चांगलं मळा, पीठ ताणलं तर तुटता कामा नये. झाकून तासभर ठेवा, दुप्पट होईल. बारा गोळे करून तेल लावलेल्या ताटलीत जवळजवळ ठेवा आणि पुन्हा पाऊण तास फुगू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर घालून मध्ये जाळी ठेवा, दहा मिनिटं तापवा, मग ताटली आत ठेवून घट्ट झाकण लावा. मंद ते मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. कुकर वापरलात तर रबर आणि शिट्टी काढून ठेवा. आत पाणी घालू नका.

आता हिशेब. समजा या बारा पावांना सामान आणि गॅस धरून ५५ रुपये लागले, आणि बाजारात पाव ५ रुपयांना आहे. बारा पावांचे ६० आले. दोन-तीन तासांच्या कामाचे ५ रुपये उरले! म्हणजे एकटीने घरच्या पातेल्यात पाव करणं ही हौस आहे, धंदा नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. पण बारा पावांना जितका वेळ फुगायला लागतो, तितकाच शंभरांना लागतो. एकदा तापलेली भट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या ताटाला कमी इंधन मागते. सामान घाऊक घेतलं की स्वस्त पडतं. म्हणजे पाव एकटीला परवडत नाही, दहा जणींना परवडू शकतो. भट्टी एका घराची नसते असं मी मघाशी म्हटलं, ते याच कारणाने.

कोळीवाड्यात हे समजावून सांगावं लागत नाही. मोठी होडी एकट्याच्या बळावर चालत नाही. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाश्यांचा वाटा, असं मासळीचं वाटप होतं. होडीवर न गेलेल्या पण जाळं दिलेल्या माणसालाही वाटा असतो. गटाच्या भट्टीचंही असंच करता येईल. भट्टीचा एक वाटा बाजूला, दुरुस्तीसाठी. मळणारीचा वाटा, भाजणारीचा वाटा, विकणारीचा वाटा. जिने जागा दिली तिचा वाटा. उरलं ते सगळ्यांचं. विकायला लागण्याआधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि पिशवीवर केल्याची तारीख लिहा.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. एक कागद घ्या. मैदा, यीस्ट, तेल, गॅस, पिशवी असे रकाने पाडा, आणि सगळ्यात पहिला रकाना मजुरीचा ठेवा. पहिला, शेवटचा नाही. आपण शेवटी लिहिलं की उरेल ते मजुरीला जातं, आणि बहुतेक वेळा काही उरत नाही. मग तुमच्या गावात रोज किती पाव बाहेरून येतो ते मोजा. शाळेजवळची टपरी, एसटी स्टँडवरचं हॉटेल, अंगणवाडीसमोरचं दुकान. तेवढे आकडे हातात आले की भट्टी घ्यायची का, केवढी घ्यायची, हे गट स्वतःच ठरवू शकेल.